तुणतुण्यापासून लूप पेडलपर्यंत

नांदेड जिल्ह्यांतील माहूरच्या रेणुकेच्या गोंधळांत नायक कथा गातो, संबळावर ताल चालतो आणि तुणतुण्याची एकच तार अखंड झंकारते. पुनरावृत्तीचा हा पाया तेथें माणूस सांभाळतो. नायक थांबला कीं तोहि थबकतो. १९६३ सालीं पॅरिसमध्यें टेरी रायली ह्या अमेरिकन संगीतकारासाठीं एका तंत्रज्ञानें दोन टेपयंत्रांतून एकच फीत फिरविली आणि तें काम यंत्राकडे गेलें. आज बेस गिटारवादक लूप पेडल पायानें दाबून स्वतःचेच खर्जाचे सूर मुद्रित करतो व त्यांवर एकटाच वाजवितो. परंतु यंत्र कोणासाठीं थांबत नाहीं. समेला पाय चुकला, तर ती चूकच आवर्तनें घेत राहते. म्हणून पेडल निवडतांना मुद्रणाच्या मिनिटांपेक्षां कळीचा अचूकपणा पाहावा. थबकण्याचें भान मात्र तुणतुणेवाल्याकडूनच घ्यावें.