कोरेमे : एका कुर्द कृषिग्रामाचा भूगोल व इतिहास

१. प्रास्ताविक

राजधान्या, किल्ले आणि रणक्षेत्रे यांचा इतिहास लिहिताना साधनांची वाण सहसा पडत नाही. खेड्याची गोष्ट निराळी असते. साऱ्याच्या नोंदीत, एखाद्या प्रवाशाच्या रोजनिशीत किंवा लष्करी नकाशावरील एका ठिपक्यात जे खेडे उमटते, त्याहून अधिक त्याच्याविषयी लिहिलेले क्वचितच आढळते. उत्तर इराकमधील कुर्द खेड्यांच्या बाबतीत ही उणीव अधिकच तीव्र आहे. कारण तेथील अनेक खेडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नुसती ओस पडली नाहीत, तर बुद्ध्या नष्ट करण्यात आली. अशा खेड्याचा इतिहास कोणत्या साधनांवरून सिद्ध करावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्यासाठी दुहोक प्रांतातील कोरेमे या गावाचे उदाहरण घेतले आहे.

२. भूमी व पाणी

कोरेमे हे गाव दुहोक शहराच्या उत्तरेस, मांगेश या गावाच्या परिसरात, डोंगरउतारांच्या प्रदेशात वसलेले आहे. (मांगेश ही खाल्डियन ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती होय. नामसादृश्यावरून मराठी वाचकाने काही तर्क करण्याचे कारण नाही.) या सर्व मुलखास बहदिनान असे पारंपरिक नाव असून येथील कुर्द लोक कुर्मांजी भाषेची बहदिनी बोली बोलतात. दक्षिणेस मोसूलचे मैदान, उत्तरेस तुर्कस्तानच्या सरहद्दीवरील उंच पर्वतरांगा आणि मध्ये चुनखडीच्या टेकड्या व अरुंद खोरी, अशी या प्रदेशाची ठेवण आहे.

येथील पाऊस नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पडतो. उन्हाळा जवळजवळ पूर्ण कोरडा असतो. त्यामुळे शेतीचे मुख्य पीक हिवाळी आहे. शरद ऋतूत गहू व जव पेरावयाचे, हिवाळ्यातील पावसावर व बर्फाच्या ओलीवर ते वाढू द्यावयाचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कापणी करून खळ्यावर मळणी करावयाची, हा वर्षाचा क्रम होय. हरभरा व मसूर यांची जोड त्याला असते. मोसूलच्या दक्षिणेकडील सपाट प्रदेशात पाऊस बेभरवशाचा असल्याने पीक वरचेवर बुडते. डोंगरपायथ्याशी मात्र कोरडवाहू गहू बहुधा पदरात पडतो. मानवाने धान्याची शेती प्रथम ज्या भूप्रदेशांत केली, त्यांत या टेकड्यांच्या पट्ट्याची गणना होते. चेमचेमालजवळील जार्मो येथे रॉबर्ट ब्रेडवुड यांनी १९४८ ते १९५५ या काळात केलेल्या उत्खननात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचे, गहू व जव पिकविणारे आणि शेळ्या पाळणारे एक लहानसे खेडे उजेडात आले, हे सर्वविदित आहे.

तथापि, पाऊस गव्हाला पुरला तरी माणसांना व बागांना उन्हाळ्यात पुरत नाही. म्हणून या मुलखातील गावाची जागा शेतावरून ठरत नाही. ती झऱ्यावरून ठरते. चुनखडीच्या थरांतून जेथे बारमाही पाणी बाहेर पडते तेथे वस्ती होते. त्या पाण्याखालील उतारावर द्राक्षवेली, अंजीर, डाळिंब व अक्रोड यांच्या बागा आणि भाजीपाल्याचे वाफे. त्यापलीकडे कोरडवाहू शेते. आणि सर्वांच्या वर ओक वृक्षांचे विरळ रान व शेळ्यामेंढ्यांची कुरणे. घरे दगडमातीची, उतारावर पायऱ्यांसारखी चढत गेलेली. धाबे सपाट, पॉप्लरच्या वाशांवर माती दाबून केलेले. पावसाळ्यात या धाब्यावर दगडी रूळ फिरवून माती घट्ट करावी लागते. अशा घरात कोणी राहिनासे झाले की दोनचार हिवाळ्यांत ते आपोआप कोसळते. झरा, बाग, शेत व रान ही चौकट लक्षात ठेवावयास हवी, कारण पुढे घडलेल्या घटनेचा अर्थ तिच्यावाचून लागत नाही.

३. सत्ता व जमीन

बहदिनानवर अनेक शतके अमेदी येथील कुर्द अमिरांची सत्ता होती. १८३३ च्या सुमारास रवांदुझच्या अमिराने हा मुलूख जिंकला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उस्मानी सरकारने तो प्रत्यक्ष आपल्या अमलाखाली आणला. त्या काळातील प्रवाशांची वृत्ते उपलब्ध आहेत. परंतु त्यांचे लक्ष बहुधा दरबार, घराणी व मार्ग यांकडे असे. कंपनी सरकारचा बगदाद येथील रेसिडेंट क्लॉडियस रिच याने १८२० साली कुर्दिस्तानात प्रवास केला. त्याच्या ग्रंथात खेडी येतात ती प्रामुख्याने मुक्कामाची ठिकाणे म्हणून.

१८५८ च्या उस्मानी जमीन कायद्याने खेड्याच्या जीवनात मोठा पालट घडविला. जमिनीची ‘तापू’ म्हणजे नोंदणी करून कसणाऱ्यास हक्क द्यावयाचा, हा त्याचा उद्देश. परंतु नोंदणी म्हणजे करवसुली व सैन्यभरती, या भयाने अनेक शेतकरी तिच्यापासून दूर राहिले आणि ठिकठिकाणी गावेच्या गावे आगांच्या किंवा शहरी धनिकांच्या नावावर चढली. कागदावरील मालक एक व नांगर धरणारा दुसरा, अशी स्थिती त्यामुळे उत्पन्न झाली.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकत येथे लढाई झाली. हिंदी सैन्यातील ११४ वी मराठा पलटण तीत होती. त्यानंतर लवकरच मोसूल इंग्रजांच्या हाती गेले. हा प्रांत तुर्कस्तानचा की इराकचा, हा वाद राष्ट्रसंघाने १९२५ साली इराकच्या बाजूने सोडविला. बहदिनानच्या खेड्यांना त्याचा परिणाम इतकाच जाणवला की, ज्या पर्वतांवर उन्हाळ्यात कळप चढत असत त्यांवरून आता आंतरराष्ट्रीय सरहद्द गेली. १९५८ च्या राज्यक्रांतीनंतर आलेल्या जमीन सुधारणा कायद्याने कोरडवाहू जमिनीची कमाल मर्यादा दोन हजार दोनुम, म्हणजे सुमारे पाचशे हेक्टर, ठरविली. ही मर्यादा मैदानातील मोठ्या जमीनदारीस उद्देशून होती हे उघड आहे.

१९६१ साली मुस्तफा बारझानी यांच्या नेतृत्वाखाली कुर्दांचा सशस्त्र उठाव सुरू झाला. ११ मार्च १९७० रोजी स्वायत्ततेचा करार झाला, तो टिकला नाही. १९७५ च्या अल्जिअर्स करारानंतर इराणने पाठिंबा काढून घेताच उठाव कोसळला आणि सरहद्दीलगतची खेडी उठविण्यास प्रारंभ झाला. गावकऱ्यांना ‘मुजम्मा’ नामक वसाहतींत, हमरस्त्यालगत व लष्करी ठाण्यांच्या नजरेखाली, बसविण्यात आले. तेथे घर मिळे. शेत व कुरण मिळत नसे.

४. ऑगस्ट १९८८

इराण-इराक युद्धाच्या काळात पेशमर्गांचे, म्हणजे कुर्द योद्ध्यांचे, बळ पुन्हा वाढले. मार्च १९८७ मध्ये उत्तर इराकचा सर्वाधिकार अली हसन अल-मजीद याजकडे सोपविण्यात आला. २० जून १९८७ च्या हुकुमाने ‘निषिद्ध क्षेत्रां’तील खेड्यांत सापडणाऱ्या पंधरा ते सत्तर वर्षे वयाच्या व्यक्तींना चौकशीनंतर ठार करण्याची आज्ञा दिली. १७ ऑक्टोबर १९८७ च्या जनगणनेत जे नोंदले गेले नाहीत ते कायद्याच्या दृष्टीने इराकी नागरिकच उरले नाहीत. १८५८ साली नोंदणीचे भय होते. १९८७ साली नोंद नसणे हेच मृत्यूचे कारण झाले.

२३ फेब्रुवारी ते ६ सप्टेंबर १९८८ या काळात ‘अन्फाल’ नावाच्या मोहिमा एकामागून एक झाल्या. २० ऑगस्ट रोजी इराणशी युद्धविराम होताच मोकळे झालेले सैन्य बहदिनानकडे वळले. २५ ऑगस्ट रोजी बिर्जिन्नी या खेड्यावर विषारी वायूचे बाँब पडले. कोरेमेचे लोक तुर्कस्तानच्या सरहद्दीकडे निघाले. पण सैन्याने वाट रोखल्याचे कळताच ते परत फिरले. २८ ऑगस्ट रोजी ते गावाजवळ सैनिकांच्या स्वाधीन झाले. तेहेतीस पुरुष व मुलगे निवडून रांगेत बसविण्यात आले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. सत्तावीस मरण पावले, सहा वाचले. उरलेल्यांना दुहोकच्या किल्ल्यात नेले; तेथून अनेक पुरुष नाहीसे झाले. स्त्रिया, मुले व वृद्ध यांना एर्बिलजवळील बहारका येथे उघड्या माळावर आणून सोडले. गाव पाडून टाकण्यात आले.

या पाडापाडीची पद्धत भूगोलाच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावी. अन्फालमध्ये केवळ घरेच पाडली गेली नाहीत. ठिकठिकाणी झरे सिमेंटने बुजविले, बागा तोडल्या, शाळा व मशिदी उडवून दिल्या. धाब्याचे घर एका हंगामात पुन्हा उभे राहते. अक्रोडाचे झाड तसे वाढत नाही, आणि झऱ्यावाचून गाव बसतच नाही. वस्ती कशावर टिकते याचे अचूक ज्ञान पाडणाऱ्यांना होते, असाच निष्कर्ष निघतो.

५. साधनांचा विचार

१९९१ च्या उठावानंतर हा मुलूख बगदादच्या ताब्यातून निसटला व संशोधकांना तेथे जाता आले. मे-जून १९९२ मध्ये न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो यांच्या नेतृत्वाखालील पथकाने कोरेमे येथील सामूहिक दफनस्थान उकरले. अर्जेंटिनातील बेपत्ता व्यक्तींच्या शोधाचा अनुभव असलेले तज्ज्ञ त्यात होते. सांगाड्यांवरील जखमा व काडतुसांच्या जागा यांवरून गोळीबार कसा झाला हे ठरविण्यात आले. त्याच वेळी पुरातत्त्वज्ञाने पडलेल्या गावाची मोजणी करून नकाशा काढला. म्हणजे जार्मोच्या अभ्यासाला जे शास्त्र लावले, तेच चार वर्षांपूर्वीच्या भग्नावशेषाला लावले गेले. बिर्जिन्नीच्या खड्ड्यांतील माती इंग्लंडमध्ये तपासली असता मस्टर्ड वायूचे व सारिनच्या विघटनातून उरणाऱ्या द्रव्यांचे अंश सापडले.

दुसरे साधन सरकारी कागदांचे. उठावात कुर्दांच्या हाती लागलेले सुमारे अठरा टन दप्तर अमेरिकेत नेऊन अभ्यासिले गेले. तिसरे साधन गावकऱ्यांच्या साक्षी. यांपैकी कोणतेही एक साधन एकटे पुरेसे नाही. साक्षीत दिवसांचा क्रम चुकू शकतो. दप्तरात हुकूम असतो पण माणूस नसतो. हाडे मृत्यू सांगतात, आज्ञा सांगत नाहीत. तिन्ही एकाच स्थळी, एकाच दिनांकाशी येऊन मिळतात तेव्हा घटना सिद्ध होते. बगदाद येथील अन्फाल खटल्यात स्नो यांनी साक्ष दिली. २४ जून २००७ रोजी अल-मजीदला मृत्युदंड सुनावण्यात आला. २०१० च्या जानेवारीत त्याला फाशी देण्यात आली.

६. उपसंहार

१९९१ नंतर बहदिनानमधील अनेक गावे पुन्हा वसली, परंतु पूर्वीसारखी नव्हेत. मुजम्म्यात वाढलेल्या पिढीला नांगर अपरिचित होता. त्यातच १९९७ पासून ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ या योजनेखाली परदेशी गहू घरोघर फुकट वाटला जाऊ लागला आणि स्थानिक गव्हाला गिऱ्हाईक राहिले नाही. शस्त्राने जे पुरे झाले नव्हते त्याला धान्याच्या बाजाराने हातभार लावला, हा इतिहासाचा विपर्यास नमूद केला पाहिजे.

कोरेमेचा इतिहास लिहिण्यास आपल्याजवळ बखर नाही, वंशावळ नाही, शिलालेख नाही. आहे तो झऱ्याभोवतीचा एक उतार, पडलेल्या भिंतींचा नकाशा, काही हुकूम आणि जिवंत राहिलेल्यांचे शब्द. एवढ्यावरून एका खेड्याचा इतिहास उभा राहतो, आणि तो न्यायासनासमोरही टिकतो. ग्रामेतिहासाच्या अभ्यासकाने यावरून एवढा बोध अवश्य घ्यावा की, गावाची जमीन हे त्याच्या इतिहासाचे पहिले दप्तर होय. आणि इतर दप्तरे जाळली गेली तरी ते सहसा पूर्णपणे जळत नाही.