कर लावला, पण पैसा जंगलापर्यंत पोचला का?

इंधनावर कर लावून जंगल राखायचं, ही कल्पना जुनीच आहे. कोस्टा रिकाने १९९६ साली वनकायदा केला. जंगल तोडून कुरणं करायला बंदी घातली आणि १९९७ पासून इंधन कराचा वाटा जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना द्यायला सुरुवात केली. २००१ साली हा वाटा ३.५ टक्के ठरला. आज त्या देशाच्या निम्म्याहून जास्त भूभागावर जंगल आहे.

कोलंबियाने २०१७ पासून टनामागे १५,००० पेसो कार्बन कर लावला. पण कंपन्यांना सूटही दिली: कार्बन क्रेडिट विकत घ्या, कर वाचवा. त्यातून जंगल प्रकल्पांना पैसा मिळाला, सरकारी तिजोरीत मात्र तेवढी तूट आली. म्हणून पुढे ही सूट निम्म्यावर आणली.

आणि आपण? २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये सेस आला, २०१६ मध्ये ४०० झाला. नाव स्वच्छ ऊर्जेचं. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तोच पैसा राज्यांच्या महसूल भरपाईकडे वळला. चंद्रपुरात कोळसाही आहे, जंगलही आहे. पण एकाचा कर दुसऱ्याला मिळावा, असं कायद्यात बांधलेलंच नव्हतं.

उद्या नवा हरित कर आला, तर दराआधी एवढंच विचारा: पैसा कुणाच्या खात्यात जाणार?