वेल्सची वाट आणि तिचे वाटाडे

इंग्लंडच्या पश्चिमेस तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला डोंगराळ मुलूख म्हणजे वेल्स. त्याची भाषा केल्टिक कुळातली, इंग्रजीहून सर्वस्वी निराळी. सुट्टीच्या दिवसांत पायी हिंडण्यासाठी तेथे हजारो लोक येतात. सामान गाडीने पुढच्या मुक्कामी जाते आणि दहाबारा जणांची तुकडी एखाद्या माहीतगार वाटाड्यामागून समुद्रकड्यांच्या कडेकडेने चालू लागते. हा प्रकार इतका सहज व सुखाचा दिसतो की, त्यामागे आठ शतकांचा इतिहास उभा आहे हे चालणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. वाट दाखवणारा कोण, आणि त्या वाटेवर पाऊल टाकण्याचा अधिकार कोणाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे काळाबरोबर कशी पालटत गेली, याचीच ही हकीगत आहे.

इ. स. ११८७ मध्ये जेरुसलेम सलादिनाच्या हाती पडले. धर्मयुद्धासाठी माणसे मिळवावीत म्हणून कँटरबरीचे आर्चबिशप बाल्डविन हे ११८८ साली वेल्समध्ये फिरावयास निघाले. त्यांच्याबरोबर जेराल्ड नावाचा विद्वान धर्माधिकारी होता. दक्षिण किनाऱ्यावरील मॅनॉर्बिअर येथे जन्मलेल्या या जेराल्डच्या अंगात नॉर्मन आणि वेल्श अशी दोन्ही रक्ते होती. त्याने लॅटिन भाषेत लिहून ठेवलेले या यात्रेचे वर्णन हे वेल्सच्या प्रवासवाङ्मयाचे मूळ होय.

नीथ नदीच्या मुखाशी वाळू पायाखालून खचते. तेथून ही मंडळी पार झाली ती त्या भागाचा राजपुत्र मॉर्गन याच्या मार्गदर्शनाने. जेराल्डचा घोडा मात्र सखल वाटेने गेला आणि रुतला. मोठ्या प्रयासाने तो बाहेर निघाला, परंतु त्याच्या पाठीवरील पुस्तकांची व सामानाची काही हानी झालीच. पुढे उत्तरेत, बँगरच्या अलीकडे, एक अतिशय खडी दरी लागली. तेथे सगळे घोड्यांवरून उतरले आणि जेरुसलेमच्या वाटेवरील कष्टांची रंगीत तालीम म्हणून पायी चालले. दम लागलेले आर्चबिशप उन्मळून पडलेल्या एका ओक वृक्षावर टेकले. रानात कोणता पक्षी गातो यावर गोष्टी निघाल्या. नाइटिंगेल पक्षी वेल्समध्ये कधी येत नाही असे कोणी म्हणताच, तो आपल्याहून शहाणा दिसतो, अशा अर्थाचा विनोद आर्चबिशपांनी केला. पायी चालणे हे त्या काळी प्रायश्चित्त होते. त्यात सुख आहे असे कोणी मानीत नव्हते. बाल्डविन पुढे खरोखरच पूर्वेस गेले आणि ११९० मध्ये एकरच्या वेढ्याच्या वेळी तेथेच वारले.

कष्टाचे सुखात रूपांतर व्हावयास सहा शतके लागली. फ्लिंटशरचे जमीनदार व सृष्टिशास्त्रज्ञ थॉमस पेनंट यांनी आपल्या वेल्समधील प्रवासांची वर्णने १७७८ पासून प्रसिद्ध केली. त्यांच्या संगती वेल्श भाषेचे जाणकार असे एक धर्मोपदेशक असत आणि चित्रे काढण्यास मोझेस ग्रिफिथ हा स्वतःच शिकलेला, गरीब घरातला चित्रकार असे. पुढे १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपले व इंग्रज श्रीमंतांना युरोपची दारे बंद झाली. आल्प्स पर्वताची हौस मग वेल्सच्या डोंगरांवर भागू लागली.

त्याच सुमारास, १७९१ मध्ये, तरुण कवी वर्ड्‌स्वर्थ आपल्या रॉबर्ट जोन्स नावाच्या मित्रासह स्नोडन पर्वतावरून सूर्योदय पाहण्यासाठी रात्री निघाला. पायथ्याशी राहणाऱ्या एका मेंढपाळाला त्यांनी वाट दाखवण्यासाठी बरोबर घेतले होते. दाट धुके होते. त्यातून वर येताच एकाएकी चंद्रप्रकाश पसरला आणि पायाखाली धुक्याचा समुद्र दिसला. कवीच्या ‘प्रिल्यूड’ या दीर्घकाव्याच्या अखेरच्या सर्गात हा प्रसंग अमर झाला आहे. त्या मेंढपाळाचे नाव मात्र काव्यात नाही. त्याचा कुत्रासुद्धा काव्यात आला, परंतु ज्याच्या पायांना ती वाट अंधारातही ठाऊक होती, तो केवळ ‘वाटाड्या’ म्हणूनच राहिला. या काळातील बहुतेक वाटाड्यांची हीच गत झाली.

या रीतीला अपवाद ठरला तो जॉर्ज बॉरो. तो इंग्रज होता. पण लहानपणी नॉरिच शहरात एका वेल्श मोतद्दाराच्या संगतीने ती भाषा शिकला होता. १८५४ मध्ये तो वेल्सभर पायी हिंडला. लँगॉथलेन गावी त्याने जॉन जोन्स नावाच्या गरीब विणकराला वाटाड्या म्हणून घेतले आणि १८६२ मध्ये निघालेल्या आपल्या ग्रंथात त्याचे नाव, बोलणे, स्वभाव सारे नोंदवून ठेवले. याचे मोल समजण्यास एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अवघ्या सात वर्षांपूर्वी, १८४७ मध्ये, एका सरकारी शिक्षणचौकशीच्या अहवालाने वेल्श भाषेला अडाणीपणाचे मूळ ठरवले होते व लोकांच्या नीतीवरही शिंतोडे उडवले होते. अशा वेळी एक इंग्रज पांथस्थ विणकराशी त्याच्याच भाषेत बोलत डोंगर चढतो, ही गोष्ट लहान नव्हे.

इतके असूनही, ज्याच्यापाशी पैसा आणि सवड आहे अशाच माणसाला हे सुख साधत असे. गिरणीकामगाराचे काय? लँकेशरमध्ये वर्षातून एक आठवडा गिरण्या बंद असत. त्या आठवड्याची मजुरी मिळत नसे. वर्षभर पैपैने साठवलेले पैसे कामगार ब्लॅकपूलच्या चौपाटीवर चार दिवसांत उधळून परत येत. कोल्न गावचे धर्मोपदेशक टी. ए. लेनर्ड यांना हे पाहवेना. १८९१ मध्ये त्यांनी सुमारे तीस जणांना सरोवरांच्या प्रदेशात चालण्यास नेले आणि पुढल्याच वर्षी वेल्समधील कार्नार्व्हन येथे सहल काढली. साधे जेवण, एकत्र मुक्काम, दिवसा जाणत्या नेत्यामागून चालणे, असा त्यांचा शिरस्ता होता. यातूनच सहकारी तत्त्वावरील सुट्टीसंस्था निघाली व १९१३ मध्ये लेनर्ड यांनी आणखी एक संस्था वेल्समधील कॉनवी येथे स्थापिली. आजची मार्गदर्शित पदभ्रमणाची सुट्टी या झऱ्यातूनच वाहत आली आहे. भरपगारी सुट्टीचा कायदा मात्र १९३८ पर्यंत झाला नाही.

वाटाड्या मिळाला, सवडही मिळू लागली. पण वाट कोणाची हा प्रश्न उरलाच होता. डोंगर आणि किनारे जमीनदारांचे होते. वेल्समधील शेतकरी घराण्यात जन्मलेले टॉम एलिस यांनी १८८८ मध्ये पार्लमेंटात वेल्सचे डोंगर, नद्या व पायवाटा सर्वांस खुल्या करण्याचे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, दोन महायुद्धे झाली, तेव्हा १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. त्यानुसार १९५१ मध्ये स्नोडनचा प्रदेश व १९५२ मध्ये पेंब्रुकशरचा किनारा ही राष्ट्रीय उद्याने ठरली. पक्षिशास्त्रज्ञ रोनाल्ड लॉकली यांनी या किनाऱ्यावरील पायवाटेची पाहणी केली. १९५३ मध्ये तिला मान्यता मिळाली. परंतु प्रत्येक शेताच्या मालकाशी बोलणे करणे, पूल बांधणे, कुंपणांतून वाट काढणे यात सतरा वर्षे गेली. १६ मे १९७० रोजी १८६ मैलांची ही वाट खुली झाली. तिचे उद्‌घाटन विन्फर्ड व्हॉन-टॉमस यांच्या हस्ते झाले. १९४३ मध्ये बर्लिनवर जाणाऱ्या बाँबफेकी विमानातून रेडिओसाठी वृत्तांत सांगणारे निवेदक ते हेच. पुढे ५ मे २०१२ रोजी वेल्सच्या संपूर्ण किनाऱ्यालगतची ८७० मैलांची अखंड वाट सर्वांना खुली झाली.

वाटेबरोबर नावेही परत आली. स्नोडनच्या राष्ट्रीय उद्यानाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्वताचे ‘अर विद्‌वा’ हे मूळ वेल्श नाव आपल्या व्यवहारात रूढ करण्याचे ठरवले. त्या निनावी मेंढपाळाच्या तोंडी बहुधा हेच नाव असले पाहिजे.

तथापि कायदा, नकाशा आणि पाट्या यांनी वाटाड्याचे काम संपलेले नाही. पेंब्रुकशरच्या वाटेवर सँडी हेवन या खाडीतून पलीकडे जावयाचे तर ओहोटीची वेळ साधावी लागते. भरतीत ही वाट पाण्याखाली जाते आणि कित्येक मैलांचा वळसा पडतो. ज्याला ही वेळ माहीत असते, त्याच्यामागून तुकडी निमूटपणे पाय टाकते. नीथच्या वाळूवर आर्चबिशपांची मंडळी मॉर्गनच्या मागून अशीच गेली होती. वाटेवरचा अधिकार कायद्याने मिळतो. तिचे ज्ञान मात्र तेथे राहणाऱ्याकडूनच घ्यावे लागते, आणि ते घेताना त्याचे नाव विचारावे, एवढी रीत तरी चालणाऱ्याने पाळावी.