सॉलोमनच्या खाणी आणि झिंबाब्वेच्या भिंती

रायडर हॅगार्ड यांची ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ ही कादंबरी १८८५ सालीं प्रसिद्ध झाली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, १८७५ सालीं, हे लेखक दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ वसाहतींत गेले होते. कादंबरींतील वाळवंट व पर्वत आजहि वाचकास खिळवून ठेवितात. परंतु तेथील प्राचीन राजमार्ग व शिल्पें परकीयांनींच निर्मिलीं असावींत, असा कथेचा सूर आहे. त्या काळच्या युरोपांत अशीच समजूत रूढ होती. कार्ल माउख या जर्मन प्रवाशानें १८७१ सालीं ग्रेट झिंबाब्वेचे भव्य अवशेष पाहून त्यांचा संबंध शेबाच्या राणीशीं जोडला होता. पुढें १९२९ सालीं गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या विदुषीनें उत्खनन करून दाखवून दिलें कीं, चुन्यावांचून रचलेल्या त्या दगडी भिंती आफ्रिकन कारागिरांनींच उभारल्या. तरीहि ऱ्होडेशियाची गोरी राजवट १९७० नंतरहि हें सत्य मोकळेपणीं सांगूं देत नव्हती. अखेर १९८० सालीं स्वतंत्र झालेल्या राष्ट्रानें त्याच अवशेषांचें नांव धारण केलें. तेव्हां ही कादंबरी मुलांच्या हातीं अवश्य द्यावी. मात्र ‘तो मार्ग कोणीं बांधला?’ असें त्यांनीं विचारल्यास उत्तर कादंबरींत न शोधतां इतिहासांत शोधावें.