शीर रुंदावते कशी? डायलिसिसच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

डायलिसिसवरील रुग्णाच्या मनगटाजवळ बोट ठेवले, तर कातडीखाली अखंड थरथर जाणवते. तेथे धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडलेली असतात. या जोडाला फिस्टुला म्हणतात.

१९४३ साली नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड चालवले. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि वाहिन्या संपल्या की उपचारही संपत. १९६० मध्ये सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमच्या टेफ्लॉन नळ्या बसवल्या. त्यांत रक्त गोठे, जंतुसंसर्ग होई. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील ब्रेशिया, चिमिनो आणि सहकाऱ्यांनी परकी नळी टाळून रुग्णाचीच शीर वापरल्याचे प्रसिद्ध केले.

ही शीर नुसती जोडून भागत नाही. ती आणि तिला रक्त पुरवणारी धमनी, दोन्ही रुंदावाव्या लागतात. संथ प्रवाहात नळीतून जाणारे रक्त त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार वाढते, म्हणजे त्रिज्या दुप्पट तर प्रवाह सोळापट. मनगटाच्या धमनीतून एरवी मिनिटाला काही दहा मिलिलिटर रक्त वाहते. पक्व फिस्टुलातून सुमारे ६०० मिलिलिटर अपेक्षित असते.

रुंदावण्याची आज्ञा कोण देते, हे १९६६ मध्ये ठाऊक नव्हते. उत्तराचा धागा त्याच शहरात, ब्रुकलिनमध्ये सापडला. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली दाखवले, की सशाच्या महाधमनीचे आतले अस्तर शाबूत असेल तरच अ‍ॅसिटिलकोलीनने ती सैल पडते. अस्तर खरवडले गेले की नाही. अस्तराचा तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. १९९८ च्या नोबेल पारितोषिकाने या शोधावर मोहोर उमटली. वाहत्या रक्ताचे घर्षण वाढले की हेच अस्तर निरोप धाडते.

मधुमेह नेमका येथे घाव घालतो. वाढलेल्या साखरेमुळे निर्माण होणारे क्रियाशील ऑक्सिजन-रेणू नायट्रिक ऑक्साइड नष्ट करतात. भिंतीतील कोलॅजन ताठर होते, धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचते. प्रवाहाची हाक येते, धमनी मात्र पुरेशी सैलावत नाही. साहजिकच मधुमेहींचे फिस्टुला अधिक वेळा अपक्व राहतात. आरंभीच्या काळात त्यांना दीर्घकालीन डायलिसिससाठी बहुधा निवडलेच जात नसे. त्यामुळे ही गाठ उशिरा पडली.

भारतात ती टाळता येणारी नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नोंदवहीत दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या ५२,२७३ रुग्णांपैकी ३१ टक्क्यांच्या विकाराचे कारण मधुमेह होते. २०१६ च्या अर्थसंकल्पातील योजनेने डायलिसिसची यंत्रे जिल्हा रुग्णालयांपर्यंत नेली. फिस्टुला मात्र काही महिने आधी करून ठेवावा लागतो, आणि आपल्याकडे पुष्कळ रुग्ण पहिल्या डायलिसिसला येतात ते मानेत तात्पुरती नळी घालूनच.