मुंबई–आग्रा महामार्ग (अंबड परिसर)

मुंबई–आग्रा महामार्ग : मुंबई बंदर आणि माळवा यांना जोडत पुढे उत्तरेकडे जाणारा रस्ता. ठाणे, शहापूर, कसारा (थळ) घाट, इगतपुरी, घोटी, विल्होळी असा येऊन तो पाथर्डी फाट्यापाशी नाशिक शहरात शिरतो. तेथून अंबड औद्योगिक वसाहत व सिडकोच्या कडेने, मुंबई नाका, द्वारका ओलांडून ओझर, चांदवड, मालेगावमार्गे तो धुळ्याला जातो. पूर्वीचा हा राष्ट्रीय महामार्ग ३. २०१० च्या फेरक्रमांकनानंतर मुंबई–नाशिक टप्पा १६० आणि नाशिक–धुळे टप्पा ६० झाला.

रस्ता इंग्रजांनी बांधला असे सरसकट सांगितले जाते. पक्क्या सडकेपुरते ते बरोबर आहे, पण वाहतुकीची ही दिशा फार जुनी आहे आणि तिचा पुरावा अंबडसमोरच्या त्रिरश्मी डोंगरात, पांडवलेण्यांत कोरलेला आहे. दहाव्या लेण्यातील, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या लेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्याचे म्हटले आहे. पारदा, दमणा, तापी, डाहणुका आदी नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, काठांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया घातल्या. शूर्पारक म्हणजे सोपारा, गोवर्धन नाशिकजवळचे, दशपूर म्हणजे माळव्यातले मंदसौर. ही दानांची यादी आहे, प्रवासवर्णन नव्हे, आणि तेव्हाची वाट थळ घाटानेच चढत असे यावरून सिद्ध होत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही नावा, विसाव्याच्या जागा आणि पाणपोया माणसे जिथून जातात तिथेच लागतात. कोकणातले बंदर, नाशिकचे पठार आणि माळवा यांचे नाते त्यातून स्पष्ट दिसते. बंदर सोपाऱ्याहून मुंबईला सरकले, एवढाच मोठा फरक.

अंबडची भरभराट रस्त्याने नव्हे, सरकारी धोरणाने झाली, असाही एक युक्तिवाद आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि भूखंड त्यानेच पाडले, हे खरेच. पण धोरणाला जागा निवडावी लागते. थळ घाटातून १८६५ मध्ये सुरू झालेली रेल्वे शहरापासून दूर, नाशिकरोडने गेली. अंबड शहराच्या दुसऱ्या अंगाला, महामार्गाला लागून आहे. सुटे भाग, विद्युत उपकरणे असा इथला माल मुख्यतः ट्रकनेच हलतो. शेजारी सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाने वसवलेल्या वसाहतींत कामगार राहू लागले. मग लांब पल्ल्याची अवजड वाहने आणि पाळी सुटल्यावर घरी निघालेल्या दुचाकी एकाच डांबरावर आल्या. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या उड्डाणपुलाने लांबची वाहतूक वर उचलली, पण पुलाखालचे चौक आणि सर्व्हिस रोड यांवरचा ताण त्याने संपवला नाही. कारखान्यांसाठी रस्ता जितक्या तत्परतेने रुंद झाला, तितकी पायी व सायकलने जाणाऱ्या कामगारांची सोय झालेली नाही.

आता लांबच्या वाहतुकीला मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचाही पर्याय आहे; त्याचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मात्र इगतपुरीजवळ त्यावर चढण्यासाठी अंबडच्या ट्रकला आधी हा जुना मुंबई–आग्रा महामार्गच धरावा लागतो.