मुसळ्या डोंगर आणि जमिनीचे हादरे

मंडळी, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून डहाणूकडे येताना महालक्ष्मीचा सुळका दिसतो. हाच आपला मुसळ्या डोंगर. चैत्र पौर्णिमेच्या मध्यरात्री पुजारी त्यावर ध्वज लावतात आणि खाली जत्रा भरते.

त्याचा निमुळता आकार बघून वाटतं, हे ज्वालामुखीचं तोंडच असणार. पण आकारावर जाऊ नका. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबलचक भेगांतून बाहेर आला आणि थरावर थर साचले. पुढे ऊन-पावसानं आजूबाजूचा खडक झिजला, चिवट तेवढा उरला. सुळका म्हणजे ही शिल्लक.

नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडी परिसरात, धक्के बसू लागले. लोक थंडीत घराबाहेर झोपले. डोंगर जागा झाला का, असं कुणी विचारलं तर उत्तर स्पष्ट आहे: नाही. तो लाव्हा केव्हाच थिजला. हलतो तो खालचा भेगाळलेला खडक, आणि जीव घेते ती कच्ची भिंत. तेव्हा डोंगराला भिऊ नका, आधी घर मजबूत करा.